संगणक-समूहातील सेवांचा ठावठिकाणा

शासकीय पत्रव्यवहाराचा एक जुना नियम लिपिकापासून सचिवापर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो. पत्र पदनामाने लिहावयाचे असते. पाकिटावर 'तहसीलदार, जुन्नर' असे लिहिले की पुरे. त्या खुर्चीवर आज कोण बसले आहे, गेल्या महिन्यात कोणाची बदली झाली, कचेरी जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत केव्हा गेली, याची चौकशी पत्र लिहिणाऱ्या ग्रामपंचायतीला करावी लागत नाही. बदलीचा आदेश, रुजू अहवाल, हजेरीपट आणि टपालाची व्यवस्था यांनी मिळून ती जबाबदारी उचललेली असते.

आज दाखले, शिष्यवृत्त्या, जमिनीचे अभिलेख, निवृत्तिवेतन अशा अनेक बाबी संगणकाद्वारे नागरिकांपर्यंत पोहोचतात. लक्षावधी लोकांना पुरणाऱ्या अशा सेवेमागे बहुधा एकच संगणक नसतो, तर अनेक संगणकांचा समूह असतो. त्या समूहात आज्ञावलींचे कित्येक लहानमोठे घटक एकमेकांकडे सतत माहिती मागत असतात. त्यांनी एकमेकांना शोधावयाचे कसे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी साऱ्या सेवेचा डोलारा त्यावर उभा असतो. या व्यवस्थेला संगणकशास्त्रात 'सर्व्हिस डिस्कव्हरी' म्हणतात. आपण तिला सेवा-शोध म्हणू. ही व्यवस्था नीट बसलेली नसेल, तर सर्व यंत्रे सुस्थितीत असूनही अर्ज भरणाऱ्याच्या पडद्यावर नुसते चाक फिरत राहते.

ही व्यवस्था उभारण्याचे काम तंत्रज्ञांचे आहे, हे खरे. तथापि सेवा मागविणारे, तिचा करार करणारे आणि ती बंद पडल्यावर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनाही तिचे स्वरूप माहीत असणे अगत्याचे आहे.

पत्ते का बदलतात?

प्रथम एक उदाहरण घेऊ. शिष्यवृत्तीच्या अर्जांची एक सेवा आहे असे समजा. अर्ज स्वीकारणे, दाखल्यांची पडताळणी करणे, रक्कम ठरविणे आणि अर्जदारास संदेश पाठविणे ही तिची चार कामे आहेत. पूर्वी ही कामे एकाच मोठ्या आज्ञावलीत कोंबली जात. आता ती वेगवेगळ्या घटकांना वाटून देण्याकडे कल आहे. पडताळणीचे काम वाढले तर त्या घटकाच्या दोनऐवजी दहा प्रती चालविता येतात; बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

अनेक साध्या यंत्रांनी मिळून मोठे काम उरकावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच 'सी-डॅक'ने, १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. अनेक प्रक्रियक एकत्र जोडून त्यांच्यात काम वाटून देणे, हेच त्याचे मर्म होते.

आजच्या सेवा-समूहांत मात्र एका गोष्टीची भर पडली आहे. कोणता घटक कोणत्या यंत्रावर चालेल, हे आता माणूस ठरवीत नाही. समूहाची नियंत्रण-यंत्रणा ते ठरविते. एखादे यंत्र बंद पडले की त्यावरील घटकांच्या नव्या प्रती दुसऱ्या यंत्रावर उभ्या राहतात. अर्जाच्या अखेरच्या दिवशी गर्दी झाली की प्रती वाढतात, गर्दी ओसरली की कमी होतात. आज्ञावलीची सुधारित आवृत्ती आली की जुन्या प्रती एकेक करून निघून जातात आणि नव्या येतात. प्रत्येक नव्या प्रतीला नवा अंकपत्ता मिळतो. याला आयपी पत्ता असे म्हणतात. सकाळी लिहून घेतलेला पत्ता दुपारी खोटा ठरू शकतो. एवढेच नव्हे, तर तोच पत्ता दुपारपर्यंत भलत्याच घटकाला मिळालेला असू शकतो. म्हणून आज्ञावलीत असा पत्ता कायमचा कोरून ठेवणे, हे बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या घरी सरकारी टपाल पाठवीत राहण्यासारखे आहे.

एका यादीपासून नामप्रणालीपर्यंत

नावावरून पत्ता शोधण्याचा प्रश्न संगणकांच्या जाळ्याइतकाच जुना आहे. अमेरिकेतील 'आर्पानेट' या जाळ्यावर आरंभी यंत्रे मोजकी होती. त्यांची नावे व पत्ते एका साध्या यादीत लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये असलेले जाळ्याचे माहिती-केंद्र ही यादी सांभाळी. त्या केंद्राची धुरा दीर्घकाळ एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे होती. नवे यंत्र जोडले की केंद्राला कळवावयाचे, केंद्राने यादीत नोंद करावयाची आणि इतरांनी सुधारित यादी उतरवून घ्यावयाची, अशी ही पद्धत होती.

यंत्रे वाढत गेली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. यादी लांबली, दुरुस्त्या वाढल्या आणि प्रत्येकाकडील प्रत वेगवेगळ्या दिवसाची राहू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यावर 'डोमेन नेम सिस्टिम', संक्षेपाने डीएनएस, ही प्रणाली सुचविली. सर्व नावे एकाच ठिकाणी न ठेवता प्रत्येक विभागाने आपापल्या नावांची नोंदवही सांभाळावी आणि विचारणाऱ्याला योग्य नोंदवहीकडे वाट दाखवावी, हे तिचे तत्त्व होते. गावचे दप्तर गावात, तालुक्याचे तालुक्यात, अशीच ही मांडणी होय. इंटरनेट आजही याच पायावर उभे आहे.

डीएनएस मात्र सावकाश बदलणाऱ्या पत्त्यांसाठी योजिलेली होती. क्षणोक्षणी बदलणाऱ्या घटकांसाठी अधिक तत्पर नोंदवही हवी होती. गूगलमध्ये समूहातील कुलपांची, म्हणजे एका वेळी एकानेच काम करावे यासाठीच्या नियंत्रणाची, 'चबी' नावाची प्रणाली उभारण्यात आली. २००६ साली माईक बरोज यांनी तिच्यावर प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक उद्बोधक अनुभव नमूद आहे : कुलपांसाठी बांधलेल्या या प्रणालीचा सर्वांत मोठा वापर नावांची नोंदवही म्हणूनच होऊ लागला होता. ठावठिकाण्याची गरज किती मूलभूत आहे, हे यावरून ध्यानात येईल.

पद, व्यक्ती आणि हजेरीपट

समूह चालविण्याच्या प्रणालींपैकी 'कुबरनेटीस' ही आज सर्वाधिक परिचित होय. गूगलने ती २०१४ साली सर्वांसाठी खुली केली आणि २०१५ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. नाव ग्रीक आहे. त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणकिनाऱ्यावर त्याच्या जवळचा शब्द तांडेल हा होईल. या प्रणालीतील सेवा-शोधाची रचना कचेरीच्या भाषेत सांगता येण्याजोगी आहे.

आज्ञावलीची चालती प्रत ज्यात राहते त्याला 'पॉड' म्हणतात. पॉड ही खुर्चीवरील व्यक्ती समजावी. ती येते आणि जाते. 'सर्व्हिस' हे पद होय. त्याला एक कायमचे नाव आणि एक कायमचा अंकपत्ता मिळतो. हा पत्ता कोणत्याही एका यंत्राचा नसतो. तो केवळ पदाचा पत्ता असतो. त्या पदावर या क्षणी कोण कोण काम करीत आहे, याची सूची प्रणाली स्वतःच ठेविते. हा झाला हजेरीपट. त्याचे तांत्रिक नाव 'एंडपॉइंट-स्लाइस' असे आहे. नाव विचारणाऱ्याला पदाचा पत्ता सांगणारा चौकशी-लिपिक म्हणजे समूहातील डीएनएस सेवक. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या १.१३ या आवृत्तीपासून हे काम 'कोअर-डीएनएस' नावाची आज्ञावली प्रमाण म्हणून करीत आली आहे. आणि प्रत्येक यंत्रावर बसून पदाच्या पत्त्यावर आलेले टपाल हजर व्यक्तींपैकी एकाच्या हाती देणारा शिपाई म्हणजे 'क्यूब-प्रॉक्सी'. काही समूहांत हेच काम अन्य साधनांकडेही सोपविलेले असते.

या चौघांपैकी एकानेही कुचराई केली तर पत्र पोहोचत नाही, हे येथे लक्षात ठेवावे.

उभारणीचे टप्पे

पहिला टप्पा ओळखचिठ्ठीचा. प्रत्येक पॉडवर 'लेबल' लावावे लागते. आपल्या उदाहरणात पडताळणीच्या सर्व प्रतींवर 'काम : पडताळणी' अशा अर्थाची चिठ्ठी लागेल. प्रती कितीही असोत आणि कोठेही असोत, चिठ्ठी तीच राहते.

दुसरा टप्पा पदनिर्मितीचा. 'सर्व्हिस' निर्माण करताना दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात : कोणत्या चिठ्ठीचे पॉड या पदावर गणावेत आणि त्यांच्या कोणत्या पोर्टवर, म्हणजे कोणत्या खिडकीवर, काम न्यावे. चिठ्ठीच्या लेखनात एका अक्षराचा फरक पडला तर पद निर्माण होते, त्याला पत्ताही मिळतो, परंतु हजेरीपट कोरा राहतो. नवख्या तंत्रज्ञांची ही सर्वांत नित्याची चूक आहे. म्हणून पदनिर्मितीनंतर प्रथम हजेरीपट उघडून पाहावा.

तिसरा टप्पा नावाचा. समूहाचे विभाग पाडलेले असतात. त्यांना 'नेमस्पेस' म्हणतात. शिष्यवृत्ती विभागातील पडताळणी सेवेचे पूर्ण नाव 'पडताळणी, शिष्यवृत्ती, एसव्हीसी, क्लस्टर, लोकल' अशा क्रमाने, मध्ये टिंबे देऊन लिहिले जाते. प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत असतात. पाकिटावर आधी नाव, मग गाव, तालुका आणि जिल्हा लिहावा तसाच हा क्रम आहे. त्याच विभागातील घटकाने नुसते 'पडताळणी' म्हटले तरी भागते. गावातल्या गावात चिठ्ठी पाठविताना जिल्हा लिहावा लागत नाही. दुसऱ्या विभागातील घटकाने मात्र विभागाचे नाव जोडले पाहिजे.

चौथा टप्पा सिद्धतेच्या तपासणीचा. कर्मचारी कचेरीत आला म्हणजे लगेच कामास लागला, असे होत नाही. आज्ञावलीचेही तसेच आहे; तिला आपली माहिती वाचून घेण्यास, माहिती-संचाशी जोडणी करण्यास काही काळ लागतो. यासाठी 'रेडिनेस प्रोब' ही तपासणी ठेवावी लागते. ती ठरावीक अंतराने पॉडला विचारते, काम घेण्यास सिद्ध आहेस काय? होकार आला तरच त्याचे नाव हजेरीपटात चालू राहते. वेगळे काही नमूद केले नसेल तर ही विचारणा दर १० सेकंदांनी होते आणि लागोपाठ ३ वेळा नकार आल्यावर नाव वगळले जाते. याचा अर्थ, अडलेला पॉड पाव ते अर्धा मिनिट टपाल स्वीकारीत राहू शकतो. तपासणीच ठेवली नसेल तर आज्ञावली सुरू होताच पॉड सिद्ध आहे असे गृहीत धरले जाते आणि पहिल्या काही नागरिकांचे अर्ज अर्धवट जाग्या झालेल्या आज्ञावलीच्या पदरात पडतात.

पाचवा टप्पा कार्यमुक्तीचा. पॉड बंद करावयाचा ठरला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात : त्याला थांबण्याची सूचना जाते आणि त्याचे नाव हजेरीपटातून काढले जाते. ही बातमी प्रत्येक यंत्रावरील शिपायापर्यंत पोहोचण्यास थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पॉडने दार लावून घेतले तर वाटेतले टपाल परत फिरते. म्हणून सूचना मिळाल्यावरही काही सेकंद काम स्वीकारीत राहावे, हाती घेतलेले पुरे करावे आणि मग थांबावे, अशी तजवीज आज्ञावलीत असावी. प्रणाली यासाठी सामान्यतः ३० सेकंद देते. कार्यभार सोपविल्याविना खुर्ची सोडू नये, हा नियम येथेही लागू आहे.

सहावा टप्पा चाचणीचा. समूहातच एक तात्पुरता पॉड उभा करून तेथून नाव विचारावे, मिळालेला पत्ता पदाच्या पत्त्याशी जुळतो काय ते पाहावे आणि नंतर प्रत्यक्ष विनंती पाठवून उत्तर येते काय ते तपासावे. नाव सापडणे आणि सेवा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची खात्री स्वतंत्रपणे केली पाहिजे.

ज्या ठिकाणी कोणीही चालत नाही

वरील पद्धतीत पदावरील सर्व व्यक्ती सारख्या मानल्या आहेत. माहिती-संचाच्या बाबतीत तसे मानून चालत नाही. त्याच्या तीन प्रती असल्या तरी नवी नोंद लिहिण्याचा अधिकार पुष्कळदा एकाच मुख्य प्रतीला असतो. वाटेल त्या प्रतीकडे विनंती गेली तर काम अडते. अशा ठिकाणी पदाला स्वतंत्र पत्ता न देता 'हेडलेस सर्व्हिस' निर्माण करतात. तिचे नाव विचारले असता हजर असलेल्या सर्व प्रतींचे पत्ते मिळतात. जोडीला 'स्टेटफुल-सेट' वापरला तर प्रत्येक प्रतीला शून्य, एक, दोन असा अनुक्रमांक असलेले स्थिर नाव लाभते. प्रत दुसऱ्या यंत्रावर गेली तरी हे नाव तिच्याबरोबर जाते.

आणखी एक बाब नेहमी विसरली जाते. पत्ता ठाऊक असणे आणि प्रवेशाचा अधिकार असणे यांत फरक आहे. विभाग वेगळे केले म्हणून एका विभागाचा घटक दुसऱ्या विभागाच्या सेवेशी बोलू शकत नाही, असे मुळीच नाही. तसा निर्बंध हवा असल्यास 'नेटवर्क पॉलिसी' वेगळी लिहावी लागते आणि ती अमलात आणणारी जाळ्याची रचना समूहात असावी लागते. नागरिकांची खासगी माहिती हाताळणाऱ्या सेवांत ही दक्षता ऐच्छिक मानता येणार नाही.

बाहेरच्या नावांचीही एक खोच आहे. नावात पाचपेक्षा कमी टिंबे असतील तर समूहातील घटक ते नाव आधी आपल्याच विभागांची नावे जोडून शोधतात आणि नंतरच जसेच्या तसे विचारतात. परिणामी बाहेरील एका संकेतस्थळासाठी तीन-चार व्यर्थ चौकश्या होतात आणि गर्दीच्या वेळी चौकशी-लिपिकच दमतो. नावाच्या शेवटी एक टिंब दिले की ते पूर्ण नाव समजले जाते आणि ही पायपीट वाचते.

दोन मोठे बिघाड

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीच्या माहिती-केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. माहिती-केंद्रांशी संपर्क नाही असे पाहून नामसेवकांनी आपल्याकडे येण्याचा मार्गच जगाला सांगणे थांबविले. नामसेवक चालू होते. परंतु त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हते. दुरुस्तीसाठी लागणारी कंपनीची स्वतःची साधनेही त्याच नावांवर विसंबलेली असल्याने काम अधिक लांबले.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया विभागात असाच प्रसंग घडला. तेथे 'डायनॅमो-डीबी' या माहिती-संचाच्या पत्त्यांची नोंद स्वयंचलित यंत्रणा ठेवीत असे. तिचे दोन भाग एकाच वेळी काम करू लागले. मागे पडलेल्या भागाने जुनी सूची नव्या सूचीवर लिहिली आणि पुढे गेलेल्या भागाने जुन्या सूच्यांची साफसफाई करताना तीच पुसून टाकली. नाव राहिले, त्यापुढील पत्त्यांचा रकाना कोरा झाला. माहिती-संच जागेवर शाबूत होता, पण त्याकडे जाण्याची वाट कोणालाच सापडेना. नोंद पूर्ववत होण्यास सुमारे अडीच तास लागले. त्यावर विसंबलेल्या अन्य सेवा सावरण्यास त्याहून बराच अधिक वेळ गेला.

हे दोन्ही बिघाड एका समूहाच्या मर्यादेपलीकडचे होते. तत्त्व मात्र तेच आहे. ज्या नोंदवहीवर सर्वजण विसंबतात, ती एकाच हातात, एकाच ठिकाणी आणि तपासणीविना ठेवू नये.

करार करताना काय विचारावे?

सेवा बांधून घेणाऱ्या कार्यालयाने तांत्रिक भाषेत न शिरताही काही प्रश्न लेखी विचारावेत. आज्ञावलीत कोठेही अंकपत्ते कोरलेले आहेत काय? प्रत्येक घटकास सिद्धतेची तपासणी आहे काय, आणि ती केवळ वरवरची नसून माहिती-संचाशी जोडणी झाल्याचेही पाहते काय? समूहातील नामसेवकाच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर चालतात काय? आज्ञावलीची नवी आवृत्ती चढविताना चालू अर्ज मध्येच तुटत नाहीत, याचे प्रात्यक्षिक दाखविले आहे काय? एखादा पॉड आणि एखादे यंत्र मुद्दाम बंद करून सेवा किती वेळात सावरते, याची मोजणी झाली आहे काय? आणि नामव्यवस्थाच कोलमडली तर दुरुस्तीचा मार्ग तिच्यावर अवलंबून न राहता मोकळा आहे काय?

या प्रश्नांना प्रात्यक्षिकासह उत्तर मिळाल्याखेरीज काम स्वीकारले जाऊ नये. ही चाचणी गर्दी नसलेल्या दिवशी आणि शेवटच्या तारखेच्या पुष्कळ आधी घ्यावी. दुर्गम गावातील एखादी विद्यार्थिनी शाळेच्या संगणकावर मुदतीच्या अखेरच्या तासाला अर्ज भरते. गुरुजी शेजारी उभे असतात. दूरच्या माहिती-केंद्रात पडताळणीच्या दहा प्रती काम करण्यास सिद्ध असतात आणि तरीही हजेरीपट कोरा असल्यामुळे तिचा अर्ज पुढे सरकत नाही. तिच्या दृष्टीने ती तांत्रिक अडचण राहत नाही. तिचे वर्ष हुकलेले असते.

चांगल्या प्रशासनात अधिकारी बदलतात, कचेऱ्या हलतात, परंतु नागरिकाचे पत्र योग्य टेबलावर पोहोचते. संगणक-समूहाकडूनही आपली अपेक्षा एवढीच आहे. ती पुरी होण्यासाठी नाव नेमके द्यावे, हजेरी खरी ठेवावी, कार्यभार रीतसर सोपवावा आणि नोंदवही जपावी. कचेरीतील हे जुने वळण नव्या यंत्रांनाही लावून घेणे, हे त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.